भुशाचा बर्नर रोज सकाळीच धपधपतो? मग रात्री काय घडतं ते बघा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

सकाळी सातला बर्नर पेटतो. डिझेलवर विटा तापतात, मग भुसा आत ढकलणारा स्क्रू चालू होतो. पाच-दहा मिनिटं ठीक चालतं आणि मग धपधप सुरू होते. जाळ अचानक बसतो, पीपहोलमध्ये (जाळ बघायच्या भोकात) अंधार. आठ-दहा सेकंदांनी भप्पकन मोठा जाळ, भट्टीचं दार थरथरतं, धुराड्यातून काळा ढग बाहेर. मिनिटभर शांतता, की पुन्हा तेच. हवेचा डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप, उघडा, बंद करा, काही फरक पडत नाही. अकरा-बाराच्या सुमारास गाडी आपोआप रुळावर येते आणि संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाढे पंचावन्न. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी तर विचारूच नका.

मी बर्नर बनवतो. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात या दुखण्याने मला आठ महिन्यांत तीन वेळा बोलावून घेतलं. पहिल्या दोन वेळा मी काहीतरी दुरुस्त केलं, पैसे घेतले आणि रबाळ्याला परत आलो. दोन्ही वेळा दुरुस्ती चूक नव्हती, पण मूळ कारण ते नव्हतंच. म्हणून तिन्ही फेऱ्या क्रमाने सांगतो. तुमच्याकडे कदाचित पहिल्या फेरीतलंच कारण निघेल.

कारखाना पॅलेट आणि लाकडी खोक्यांचा. माल न्हावाशेव्याहून परदेशी जातो, म्हणून लाकडाला उष्णता द्यावी लागते: गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं, तेव्हा कुठे ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) शिक्का मारता येतो. त्या चेंबरला लागणारी गरम हवा ते आपल्याच करवतीच्या भुशावर तयार करतात. बर्नर ताशी ६० किलोचा. आडवं, आतून विटांनी बांधलेलं नळकांडं. भुसा आणि हवा कडेने आत शिरतात आणि गरगर फिरतात. फिरताना जड कण तापलेल्या भिंतीकडे फेकले जातात आणि जळून हलके होईपर्यंत तिथेच घोटाळतात, हलके मधल्या वाटेने पुढे जातात. रचना जुनी आणि चांगली आहे. भुशासाठी मी अजूनही हीच निवडतो.

पहिली फेरी, मे महिना. तेव्हा धपधप दिवसभर होती, सकाळी जास्त. मी गेलो आणि भुसा वाहून नेणारा पाइप पाहिला: चार इंची. कुणी बसवला कोण जाणे, पण गणित तिथेच फसलं होतं. १२ टक्के ओलाव्याचा एक किलो भुसा जळायला साधारण ५.३ किलो हवा लागते. प्रत्यक्षात ४० टक्के जादा द्यावी लागते, म्हणजे ७.४ किलो. ताशी ६० किलोला सुमारे ४४५ किलो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती होते अंदाजे ३९० घनमीटर. आता भुसा पाइपात तरंगत राहायला हवेचा वेग सेकंदाला १८ ते २० मीटर पाहिजे. चार इंची पाइपात २० मीटरने हवा सोडली तर तासाला ५६५ घनमीटर जाते. म्हणजे एकूण गरजेच्या दीडपट हवा नुसती भुसा ढकलण्यात! जाळ थंड पडायला लागला म्हणून त्यांनी ब्लोअरचा डँपर दाबला, वेग नऊ-दहा मीटरवर आला आणि भुसा पाइपाच्या तळाशी बसू लागला. तिथे त्याचे ढीग होतात, वाऱ्याने वाळू सरकावी तसे सरकतात आणि एकदम आत पडतात. धपधप.

त्या जागी दोन इंची पाइप टाकला. २० मीटर वेगाला १४० घनमीटर, एकूण हवेच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. उरलेली हवा वेगळ्या वाटेने, वेगळ्या डँपरने. त्यामुळे जाळ हलवायचा तर दुसरी हवा हलवायची, वाहून नेणाऱ्या हवेला हात लावायचा नाही. पाइप बारीक झाला म्हणून आधी चाळणही बसवली. रंध्याचे लांब छिलके दोन इंची पाइपात गुंडाळी करून बसतात. शिवाय कण दुप्पट जाड झाला की ढोबळमानाने जळायला चौपट वेळ लागतो, तेव्हा जाड माल आत सोडण्यात तसाही अर्थ नव्हता.

दिवसभराची धपधप गेली. सकाळची थोडी उरली. ‘विटा गार असतात, होणारच,’ असं म्हणून मी निघालो. तिथेच चुकलो. उरलेलं दुखणं थोडं असलं की ते जाणाऱ्या दुखण्याची शेपटी वाटते. इथे ते वेगळंच जनावर होतं.

दुसरी फेरी, ऑगस्ट. पाऊस असा की कळंबोलीपासून पुढे गाडी पायी चालल्यासारखी. भुसा अंगणात ताडपत्रीखाली, आणि ताडपत्रीला भोकं. पसाभर भुसा घेऊन दाबला तर लाडू वळला. १०० ग्रॅम मोजून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवला. वजन घटायचं थांबलं तेव्हा ५७ ग्रॅम उरला. ४३ टक्के पाणी. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. १२ टक्के ओलाव्याचा भुसा किलोमागे साधारण ३८०० किलोकॅलरी देतो. ४५ टक्क्यांच्या जवळ गेला की २२०० च्या आसपास. म्हणजे भुसा तेवढाच, उष्णता जेमतेम साठ टक्के. मग ऑपरेटर स्क्रूचा वेग वाढवतो, आत आणखी पाणी जातं, विटा आणखी गार होतात, तो आणखी वेग वाढवतो. ओल्या भुशाने भट्टी विझते ती अशी, हळूहळू, ऑपरेटरच्याच हाताने.

पत्र्याची शेड टाकून घेतली. धुराड्याकडे जाणाऱ्या नळाशेजारी दोन दिवसांचा भुसा पसरून ठेवायची सोय केली. पाऊस असेल तेव्हा २० टक्क्यांच्या वरचा माल हॉपरमध्ये (स्क्रूच्या वरच्या भुशाच्या टाकीत) घालायचा नाही असं ठरलं. आणि हॉपर उघडलाच आहे म्हणून एअरलॉकच्या (भुसा खाली सोडणारी पण हवा अडवणारी फिरती पाती) रबरं झिजलेली दिसली, तीही बदलली. दहा मिनिटांचं काम, बिलातही धरलं नाही.

बर्नर सुधारला. पूर्ण सुधारला, सकाळीसुद्धा. मालक खूश, मी खूश. सगळं श्रेय शेडला. एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या की श्रेय मोठ्या खर्चाच्या गोष्टीला जातं, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. माझ्या वडिलांचं लेथचं दुकान वागळे इस्टेटीत होतं. तिथे एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, ही पहिली शिकवण. तरी मी दोन फिरवले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फोन. ‘साहेब, परत चालू झालंय.’

भुसा खडखडीत कोरडा, ११ टक्के. पाऊस नाही. पाइप दोन इंची, वेग बरोबर. मग उरलं काय?

बॉयलरवाले मामा (खरं तर तिथे बॉयलर नाही, पण सगळे त्यांना तसंच म्हणतात) चहा पिता पिता म्हणाले, ‘ह्याला सकाळच्या चहाची सवय लागलीय साहेब. माझा झाला की ह्याला पण पाहिजे.’ हसलो, पण बोलणं डोक्यात राहिलं. चूक नव्हतं ते. दुखणं घड्याळावर चालत होतं. भुशाला घड्याळ नसतं, मग घड्याळ कोणाला असतं? थंडीला, आणि बंद-चालू करण्याच्या वेळेला.

आधी मोजलं. ही चाचणी कुणीही करू शकतं, फक्त बर्नर बंद हवा. एअरलॉकखालचा पाइप सोडवा, खाली गोणी धरा, स्क्रू नेहमीच्या वेगाने चालवा आणि दर १५ सेकंदांनी गोणी बदला. ताशी ६० किलो म्हणजे मिनिटाला एक, म्हणजे दर गोणीत २५० ग्रॅम पडायला हवेत. मिठाईवाल्याकडे असतो तसला काटा पुरतो. सकाळी सातला आलेली वजनं: २१०, १८०, ६०, शून्य, शून्य, ७२०, ३९०, २००, ४०. त्याच दिवशी दुपारी दोनला, बर्नर थोडा वेळ थांबवून: २४०, २६०, २५०, २४०, २५५. स्क्रूचा वेग दोन्ही वेळी तोच, मोटरचे अँपिअर जवळपास तेच. म्हणजे सकाळी स्क्रू इमाने इतबारे फिरत होता, पण रिकामा.

या आकड्यांनी हवेचा प्रश्न निकालात निघाला. तुमच्याकडे धपधप असेल तर डँपरला हात लावायच्या आधी या गोण्या भरा. दहापैकी आठ वेळा दोष जाळात नसतो, जाळापर्यंत येणाऱ्या वाटेवर असतो. आणि बर्नर बनवणारे आम्ही लोक सगळी अक्कल जाळावर खर्च करतो.

मग हॉपर. त्याच्या निमुळत्या भागावर पाहिलं तर पत्रा पोच्यांनी भरलेला. मामांचा हातोडा. सगळे पोचे एका पट्ट्यात, मानेच्या, म्हणजे खालच्या अरुंद तोंडाच्या, वर एक वीत. हे पोचे म्हणजे नकाशाच असतो: भुसा कुठे कमान धरतो, म्हणजे अडकून खाली पोकळी ठेवतो, ते पत्र्यावर कोरलेलं असतं. आणि प्रत्येक पोचा आतल्या बाजूला फुगवटा होतो, त्याला पुढची कमान आणखी घट्ट टेकते. ठोकून सुटलेला भुसा ठोकल्यामुळेच उद्या पुन्हा अडकतो.

स्क्रूचं स्टार्टर बंद, फ्यूज खिशात, मग मानेचं झाकण उघडलं. आत बोटभर जाडीचा थर पत्र्याला चिकटलेला. वरचा भुसा फिकट पिवळा, पाइनचा. हा थर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, ओला, दाबला की पाणी सुटणारा. नाकाशी नेला. चुलीचा वास. पावसाच्या पाण्याने भिजलेल्या भुशाला आंबूस, कुबट वास येतो. याला धुराचा होता, आणि बोटांना डांबरासारखा चिकटा लागला.

हे पाणी वरून आलेलं नव्हतं. खालून आलेलं होतं.

पण खालून कसं येणार? बर्नर चालू असताना पाइपात २० मीटरचा वारा आत वाहतोय, त्याच्या उलट धूर चढणं शक्य नाही. दिवसा शक्य नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी थांबलो. शुक्रवारी त्यांची सुट्टी, म्हणजे भट्टी दीड दिवस बंद राहणार.

सात वाजून दहा मिनिटांनी मामांनी स्क्रू बंद केला. दोन मिनिटांनी ब्लोअर. पाव तासाने आयडी फॅन (धूर ओढून धुराड्यात सोडणारा पंखा). क्रम अगदी बरोबर: पाइप रिकामा होईपर्यंत ब्लोअर चालू हवाच. मग ते मागे गेले आणि धुराड्याच्या डँपरची साखळी ओढून तो पूर्ण बंद केला. ‘का हो?’ ‘ऊब राहते साहेब. सकाळी डिझेल कमी लागतं.’ कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून सुरू केलं होतं, मालकाचं डिझेल वाचावं म्हणून.

मी भट्टीच्या पीपहोलला पारदर्शक नळीचा मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) लावून ठेवला होता. मीटरभर नळी ‘यू’ आकारात वाकवायची, लाल शाई टाकलेलं पाणी भरायचं, मागे मोजपट्टी. पन्नास रुपयांत होतो. दिवसा त्यात उणे ५ मि.मी. ओढ दिसत होती. साखळी ओढली आणि पाणी हलत हलत शून्य ओलांडून अधिक २ वर जाऊन थांबलं. आत गरम हवा कोंडली होती आणि वाट शोधत होती.

हॉपरच्या झाकणाच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली. (अगरबत्ती आधी सुचली होती. पण भुशाच्या हॉपरपाशी निखारा नेणाऱ्याने या धंद्यात राहू नये.) अर्ध्या तासात पट्टी वर फडफडायला लागली. दोन इंची पाइपाला हात लावला तर चटका. नऊ वाजता टॉर्च मारून पाहिलं: मानेच्या पत्र्यावर आतून थेंब, एकेक ओघळून भुशात मुरत होता.

रात्रभर हॉपर हेच त्या भट्टीचं धुराडं होतं.

आता सगळं जुळतं. लाकूड कितीही सुकं असो, जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतंच. किलोमागे जवळजवळ अर्धा लिटर, वर भुशातला ओलावा वेगळा. हा बर्नर भर जोरात तासाला ३५ लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. रात्री जाळ नसतो, पण तळाशी न जळलेल्या भुशाचा ढीग धुमसत असतो आणि त्याची वाफ, डांबर, धूर वर येतो. या धुरातली वाफ ५० अंशांच्या आसपास पाणी व्हायला लागते. जानेवारीच्या रात्री तळोज्यात हॉपरचा पत्रा १६-१७ अंशांवर असतो. म्हणून पाणी जमतं ते नेमकं मानेत, सर्वांत अरुंद जागी. सकाळी तिथे कमान धरते, स्क्रू रिकामा फिरतो, मामा हातोडा मारतात, कमान कोसळते, पाऊण किलो भुसा एकदम आत. तो जळू शकत नाही, तळाशी ढीग होतो. तोच ढीग रात्री धुमसतो आणि उद्याच्या कमानीसाठी पाणी पुरवतो. दुपारपर्यंत पत्रा तापतो, सरकता भुसा ओला थर खरवडून नेतो, आणि सगळं आलबेल वाटतं.

मग सप्टेंबर ते डिसेंबर का बरं होतं? कारण ऑगस्टमध्ये मी दहा मिनिटांत बदललेली ती रबरं. नवीन पाती कवचाला टेकलेली होती, धुराला वाट नव्हती. चार महिन्यांत ती पुन्हा झिजली. पॅलेटच्या भुशात खिळ्यांचे तुकडे असतात, वाळू असते. एअरलॉक उघडला तर दोन रबरांना खिळ्यांनी फाडलेलं, आणि पाती व कवच यांच्यात माझी करंगळी जात होती.

हे नुसतं धपधपण्याचं प्रकरण नव्हतं, म्हणून इथे जरा थांबतो. रात्री हॉपरमधून येणाऱ्या त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्या शेडमध्ये दोन बिहारी पोरं झोपायची, हॉपरपासून वीस फुटांवर, कारण तिथे ऊब असते. त्यांना त्याच रात्री दुसरीकडे हलवलं. दुसरं म्हणजे, ज्या वाटेने वाफ चढते त्या वाटेने ठिणगीही चढू शकते. हॉपरमधला भुसा धुमसू लागला तर झाकण उघडून बघायचा मोह होतो. उघडलं की हवा मिळते आणि भडका तोंडावर येतो. पाणी मारायचंच तर फवाऱ्याने, झाकण न उघडता, बसवलेल्या नळातून. जोराची धार मारली तर भुसा हवेत उडतो, आणि उडालेल्या बारीक भुशाचा स्फोट होतो. घनमीटरला ५०-६० ग्रॅम बारीक धूळ त्याला पुरते. आणि हॉपरमध्ये कमान धरली म्हणून वरून आत उतरायचं नाही, कधीच नाही. पायाखालचा घट्ट दिसणारा भुसा पोकळ असतो.

उपाय काय केले ते सांगतो, महत्त्वाच्या क्रमाने नाही, ज्या क्रमाने केले त्या क्रमाने.

धुराड्याच्या डँपरच्या तबकडीला मधोमध तीन इंची भोक पाडलं. साखळी कितीही ओढा, वाट पूर्ण बंद होत नाही. याला दहा मिनिटं आणि एक ग्राइंडर लागला. त्याच रात्री मॅनोमीटर उणे १ वर राहिला आणि टिश्यूची पट्टी पडून होती. या वेळी मुद्दाम दुसरं काहीच बदललं नाही. शनिवारी सकाळी मान पुसून कोरडी केली, रविवारी सकाळी गोण्या भरल्या: २३०, २५०, २४०, २६०. झिजलेल्या रबरांसकट!

तेव्हा कुठे मला खात्री पटली. मग बाकीची कामं. एअरलॉकला नवीन रबरं, पण त्याआधी चाळणीच्या तोंडाशी लोहचुंबक. पहिल्या आठवड्यात चुंबकाला ओंजळभर खिळे लागले. भुशाच्या पाइपात, बर्नरला लागून, एक स्लाइड गेट बसवला. संध्याकाळी ब्लोअर थांबला की तो बंद करायचा. त्याला लिमिट स्विच, म्हणजे गेट उघडलं की दाबला जाणारा खटका, म्हणजे गेट पूर्ण उघडल्याशिवाय ब्लोअर आणि स्क्रू सुरूच होत नाहीत. हॉपरचे पोचे ठोकून सरळ केले. खरं तर त्या हॉपरच्या उताराचा कोनच ४५ अंश आहे, भुशाला तो कमी पडतो. नवा बनवताना मी ६५ च्या खाली जात नाही, आणि शक्य असेल तर दोन बाजू उभ्याच ठेवतो. चारही बाजूंनी निमुळता हॉपर भुशाला कमान बांधायचं आमंत्रण असतं. पण हॉपर बदलायला मालक तयार नव्हते, आणि गरजही उरली नव्हती. बंद करताना शेवटची दहा मिनिटं हॉपरचा तळाचा गेट लावून मान आणि स्क्रू रिकामा करायचा. मानेत भुसाच नसेल तर भिजणार काय?

मालकांची तक्रार एकच: सकाळी डिझेल दोन-तीन लिटर जास्त जातं. जातं, खरं आहे. आधी ते वाचत होतं आणि सकाळचे चार तास लाकडाचं चेंबर ५६ अंशांवर पोचत नव्हतं. कशाची किंमत जास्त ते त्यांनी ठरवावं.

तुमच्याकडे घड्याळ वेगळं असेल तर कारणही वेगळं असेल. दिवसभर सारखी धपधप म्हणजे बहुधा पाइपातला वेग. ब्लोअरच्या हवेला (सेकंदाला घनमीटर) पाइपाच्या क्षेत्रफळाने (चौरस मीटर) भागा, सेकंदाला १५ मीटरच्या खाली आलं तर तिथेच शोधा. नवा ट्रक रिकामा झाल्यावर त्रास सुरू होत असेल तर ओलावा किंवा कणाचा आकार. आठवडाभर हळूहळू वाढत जाऊन सफाईनंतर बरं होत असेल तर मागचे नळ राखेने भरतायत आणि ओढ कमी होतेय. मॅनोमीटर कायमचा लावून ठेवलात तर रोज पाव मिलिमीटर घसरण दिसेल. भार बदलताना धपधप होत असेल तर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) स्क्रूचा वेग हवेपेक्षा आधी वाढतोय. वाढवताना हवा आधी, कमी करताना भुसा आधी.

प्लायवूड किंवा एमडीएफची धूळ मिसळली तर सगळी गणितं बदलतात. ती मैद्यासारखी बारीक, क्षणात जळते, आणि स्फोटाचा धोका करवतीच्या भुशापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय तिच्यात चिकटद्रव्य असतं, त्यातल्या नायट्रोजनमुळे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. लॅमिनेट असलेला, रंगवलेला माल, ‘एमबी’ (मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं) शिक्क्याचं जुनं पॅलेट, हे मी आत घेतच नाही. प्लास्टर, माती, रंग यांनी राख लवकर वितळते आणि विटांवर खंगर (वितळून घट्ट झालेली राख) जमतो, तो छिन्नीने काढताना वीटही निघते. भाताचं तूस हा आणखी वेगळा विषय: पाचवा-सहावा हिस्सा राखच, आणि ती जवळजवळ निव्वळ सिलिका. कर्जतकडच्या गिरणीचं तूस स्वस्त मिळतंय म्हणून भुशाच्याच बर्नरमध्ये टाकलेल्या एकाने सहा महिन्यांत ब्लोअरचा पंखा चाळणीसारखा करून घेतला. तुसाला पाइपाची वळणं लांबट लागतात, राख काढायची वाट मोठी लागते, बर्नरच वेगळा लागतो.

तळोज्यात मार्चमध्ये सहज डोकावलो. धपधप नव्हती. हॉपरवर नवा पोचा नव्हता, हातोडा कोपऱ्यात उभा. गेटचा लिमिट स्विच मात्र लाल वायरचा तुकडा जोडून बायपास केलेला. मामा म्हणाले, ‘साहेब, गेट तर मी रोज लावतोच की. हा डबा सकाळी उगाच अडवतो.’ डबा उघडून पाहिला तर आत भुसा भरला होता, खटका पूर्ण बसतच नव्हता. फुंकर मारून साफ केला, वायर काढली, आणि डब्याच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा गॅस्केट लावून दिला.